घाटी

जूनपासून बोट उद्यमनगरात आहे,
मगदुमांच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली,
चार लाकडी ठोकळ्यांवर.
इंजिन उतरवून बाकावर ठेवलंय. दोन सिलिंडरचं.
आधी शिरोळला वीस वर्षं उसाला पाणी पाजायचं,
आता स्वतःच पाण्यातनं हिंडतं.
बढती मिळाली त्याला, असं भूपाल म्हणतात.

आणि आम्ही दोघं
शाहूपुरीत, चौथ्या गल्लीत,
चार खोल्यांत हरवलोय.

आठ महिने सव्वीस फुटांत काढल्यावर
घर फार लांब पडतं.
मीठ मागितलं तर हात पोचत नाही.
बोटीत भांडण झालं तर
हे नाळेवर, मी सुकाणूपाशी,
मधे स्टोव्ह, स्टोव्हवर भाकरी.
ती उलटायच्या आत कुणीतरी बोलायचंच.
इथं परवा जरा वाजलं,
हे मागच्या खोलीत गेले, मी गच्चीवर.
दोन दिवस कुणाचं कुणावाचून अडलं नाही.
भिंतींची भीती वाटली ती तेव्हा.

विजयदुर्गच्या धक्क्यावर पहिल्या वर्षी
पोरं विचारायची, खंयची होडी?
कोल्हापूरची म्हटलं की हसायची.
रंकाळ्यात शिकलात काय?
बोटीला नाव नव्हतं, तर त्यांनीच ठेवलं:
घाटी इली. घाटी गेली.
दुसऱ्या वर्षी ह्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणला
आणि दोन्ही अंगांना ठसठशीत लिहिलं.

मी कोल्हापूरची बाई. आम्ही येतो म्हणतो, जातो म्हणतो.
"थांबा, सुकाणू मी धरतो," असं ओरडलो की
आचऱ्याचा सारंग इकडंतिकडं बघायचा,
हा बापयो खंय लपलो म्हणून.

त्यांनी सुरमई पुढं केली, आम्ही हात जोडले.
मग आमसुलं दिली.
मासे न खाणारी माणसं दर्यात करतात काय,
ह्याला उत्तर आम्हालाही सुचलं नाही.
पण सासूबाईंचा नेम,
दिवस मावळायच्या आत जेवायचं,
जो चाळीस वर्षं मी कुरकुरत पाळला,
तो खाडीत पाण्याचाच निघाला:
उजेड आहे तोवर नांगर टाका, ताटं वाढा.
पुढं काही दिसत नाही,
ना खडक, ना आमटी.

एकदा कर्लीच्या तोंडाशी वाळूत बसलो.
पाणी निघून गेलं, बोट कलली,
सहा तास तिरपे.
तिरप्या मांडीवर शेंगा फोडत
ह्यांनी पहिल्या पगाराची गोष्ट सांगितली,
भट्टीत भाजलेल्या अंगठ्याची.
तो अंगठा मी रोज बघत आलोय.
कधी विचारलं नव्हतं.

आता स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे.
शेजारची मंगसुळी त्यात संकष्टी बघते,
मी तिथीची पाऊणपट करतो.
षष्ठी: साडेचार.
साडेचारला गॅस बारीक करतो,
आत्ता किल्ल्याच्या पायाशी पाणी भरलं असेल.
इथं नळालासुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघे आता बोटीचे राहिले नाहीत.
हे म्हणाले, घराचे तरी कुठं आहेत?
जिना चढताना कठड्याला धरतात
तसं बोटीत सगळीकडंच धरायला असतं.
ह्यावर डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

रात्री दोनला हे उठतात.
मी डोळे मिटून ऐकतो:
चप्पल, कडी, मग अंगण.
गल्लीतला दिव्याचा खांब
बस्तीच्या मानस्तंभाशी ओळीत आहे का,
की सरकलाय थोडा,
हे बघत उभे राहतात बराच वेळ.
कोल्हापूर रात्रीतनं वाहून जाऊ नये म्हणून
कुणीतरी बघायला पाहिजेच.

मग पाऊल येतं. पलंग हलतो,
जेमतेम, पण हलतो.
मी सरकून जागा करतो.
"धरलाय?"
"धरलाय. झोप."