लॉट तीनशे सोळा

विमा कंपनीच्या माणसानं तिला पाहिलंच नाही.
सहा फोटो पाहिले, दुरुस्तीचा आकडा मांडला,
आकडा गाडीच्या किमतीला भिडला,
आणि ब्रिस्टलमधल्या कुठल्याशा खुर्चीत बसून
त्यानं तिला मोडीत काढली.
श्रेणी एन. म्हणजे हाडं शाबूत,
नुसतं कातडं सोललंय.

स्वान्झीच्या यार्डात ती कुंपणाला टेकून उभी होती.
होंडा, सहाशे पन्नास, निळी,
उजव्या अंगावर डांबराचे ओरखडे,
पाय ठेवायच्या दांडीत अडकलेला
गवताचा झुबका, अजून ओलसर.
किल्ली होती. किल्लीला कुणाच्या तरी जिमचं कार्ड.
अकरा हजार दोनशे चार मैल.
कुणाची, कसा पडला, किती लागलं
हे मी विचारत नाही.
विचारलं की बोलीला तोंड उघडत नाही.

सातशे चाळीस पाउंड, वर यार्डाची फी,
वर व्हॅनचे तीस, मेहुण्याकडून घेतली तरी तीस.
लानेथलीला पोचेपर्यंत
मनातल्या मनात मी ती चारदा विकली होती.

पाचव्यांदा खरोखर.
शेजारच्या प्रॉसरांची माली,
एकोणीस वर्षांची, बेकरीत पहाटपाळी,
गॅरेजच्या दारात उभी राहून म्हणाली, मला द्याल?
देईन की. दोन हजार. तुला अठराशे.
हाड गाडीला असतं, जिभेला नसतं.

फोर्कच्या नळ्या काचेवर गडगडवल्या.
एक सरळ गेली, दुसरी लंगडत.
ते अपेक्षितच. कार्डिफहून जुनी जोडी मागवली,
बसवली, हँडल डावीकडे वळवलं,
उजवीकडे वळवलं,
उजवीकडे ते जरा जास्तच वळलं.

सांगाड्याच्या मानेवर एक खुंटी असते,
अंगठ्याच्या पेराएवढी,
हँडलला म्हणते, इथपर्यंत, पुढे नाही.
ती चेपली होती.
बॅटरी जवळ नेली. खुंटीच्या खाली
रंगाला केसाएवढी चीर.

आता हे फोटोत कसं दिसणार?
वार्षिक तपासणीवाल्या इद्वललाही दिसणार नाही,
तो दिवे बघतो, ब्रेक दाबतो, चहा पितो.
कानस मारायची, काळा फवारा, सहा पाउंडांचा डबा.
कदाचित वीस वर्षं धावेल.
कदाचित.
हा शब्द मी तीन दिवस ताडपत्रीखाली झाकून ठेवला
आणि मालीला सांगितलं, पार्ट यायचेत.

चौथ्या दिवशी खरं सांगितलं.
शब्द दिला होता तुम्ही, ती म्हणाली,
कमी बोलली, पण दार आपटलं.
मग परत आली. मी बॅटरी तिच्या हातात दिली.
ती वाकली, चिरेवरून नख फिरवलं.
नख अडकलं.
त्यानंतर आम्ही दोघंही बराच वेळ
पान्यांच्या पेटीकडे बघत होतो.

मग खोलली.
टाकी अॅबर्डीनला गेली, इंजिन बेलफास्टला,
सीट एका बाईनं पोस्टानं मागवली, कुत्र्यानं तिची खाल्ली होती.
बोल्ट माली डब्यांत लावायची,
डब्यांवर बेकरीची लेबलं: बेदाणे, दालचिनी.
पैसे सुटले. थोडे वरही.
उरला सांगाडा.

नीथचा एक माणूस फोनवर म्हणाला,
दीडशे देतो, कागदांसकट.
चीर आहे, मी म्हणालो.
असू दे हो, तो म्हणाला, आपण वेल्डिंग करतो.
विचार करून सांगतो, मी म्हणालो.
दीडशे म्हणजे दीडशे.
आणि चहा टाकायला आत गेलो.

बाहेरून करवतीचा आवाज.
माली, पँटला पीठ, गुडघ्यांत सांगाडा धरून
मानेतूनच कापत होती.
दोन पाती मोडून पडली होती पायाशी.
तुम्ही विचार करत बसला असता, ती म्हणाली,
वर न बघता.

चहा गार झाला.
तिसरं पातं मी शोधून दिलं.