शहाळं

नेरुळ, सेक्टर सहा, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
तीन वर्षं झाली, मामा खाली उतरलेले नाहीत.
त्यांच्यात सासऱ्याला मामाच म्हणतात.
सुडलैमुत्तू हे नाव माझ्या बापसाच्या जिभेवर बसलंच नाही,
तो विचारायचा, सुडल्या जेवला का गो?

त्यांची पाठ सुकटीसारखी झाली होती.
डॉक्टर म्हणाले, तेल लावत जा.
शनिवारी पहाटे वाटी कोमट केली
आणि ती पाहून मामांनी पाय वर घेतले.
"गावाहून कोण कोण आलंय?"
कुणी नाही, मामा.
"सगळ्यांना कळवलं?"
मी हसले. वाटलं, वय झालं.

मग स्वतःच बनियन काढलं, घडी घातली.
"डोक्यावर जास्त ओत.
कमी पडलं तर तीन-तीन दिवस लागतात."

माझी बोटं वाटीतच राहिली.

विहिरीतून अकरा घागरी त्यांनीच शेंदल्या होत्या,
थोरला म्हणून.
आई एवढंच म्हणाली, पाणी फार गार आहे रे.
वरून शहाळ्याचं पाणी, पेल्यामागून पेला,
ओट्यावर बायका पान लावत बसलेल्या.
"चांगलेच लोक होते सगळे," मामा म्हणाले,
"वाईट असं कुणी नव्हतं."

मी काय बोलणार?
सारसोळ्याची आमची आजी वाशीच्या हॉस्पिटलात होती,
बापसानं कागदावर सही केली:
स्वखुशीने घरी नेत आहोत.
स्वखुशीने हा शब्द आधीच छापलेला होता.

तेल मी पाठीलाच लावलं. थोडंसं.

संध्याकाळी सेल्वन आला. त्याला यातलं काही ठाऊक नाही,
शाळा इथली, तमिळ मोडकं,
गाव म्हणजे लग्नपत्रिकेवरचा एक पत्ता.
पिशवीत शहाळं होतं.
स्टेशनबाहेर गाडी दिसली, म्हणाला, अप्पांना बरं वाटेल.

मामांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
स्ट्रॉ बाजूला ठेवली.
दोन्ही हातांत धरून एका दमात प्यायले,
लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला
आणि पाय जुळवून आडवे झाले.

"मलई काढू?" सेल्वन विचारत होता.

रात्रभर मी त्यांच्या छातीवरची चादर हलते का पाहत बसले.

साडेसहाला ते उठून बसले.
उधारी चुकती करायला आलेल्या माणसाला
दुकानच बंद दिसावं,
तसं बघत राहिले माझ्याकडे.
मी कॉफी ठेवली.

बाटली वरच्या फळीवर आहे.
पाठ पुन्हा सुकलीय.