कुत्र्याचं शेपूट

पहाटे साडेचारला फिरीवर खोगीर चढवते.
फिरी म्हणजे तरस. घोड्याला हे नाव आधीच्या नर्सनं ठेवलं.
जाताना म्हणाली, उतारावर याला शहाणपण शिकवू नकोस.
एका कुशीला लसींचा डबा, दुसरीला वजनकाटा,
वही ब्लँकेटच्या आत, माझ्या पोटाशी.
डब्यात हवेत दोन ते आठ अंश. बाहेर उणे सहा.
लेसोथोच्या या डोंगरात जूनमध्ये
लस तापण्याची नाही, गोठण्याची धास्ती,
म्हणून डबा जुन्या शालीत गुंडाळते,
कानटोपी तेवढी घालायची राहते.

सेन्कू ओलांडली की चढ,
आणि चढावर एका घरापुढे काठीला पांढरं फडकं:
आज इथं घरची बिअर निघाली आहे.
म्हणजे पुरुष एका जागी सापडतील.
मी तिथंच उतरते.

न्टाटे सेखोन्याना माझी वाट चुकवत नाही,
फक्त गोळ्या जिभेखाली दडवतो.
सत्तावीस वर्षं परक्या देशाच्या सोन्यात खोल उतरला,
वर आला तो खोकला घेऊन.
मी रागावत नाही. पाण्याचा मग देते आणि विचारते,
तुझ्या पाळीत कोण कोण होतं?
तो नावं सांगू लागतो. लेबाका. मोत्लात्सी. लांबड्या ताउ.
माणसाला जिभेखाली गोळी ठेवून
मेलेल्या मित्रांची नावं नीट घेता येत नाहीत.
गिळतो.
वहीत एकशे बारावी फुली.

(वहीत न मावलेलं एक काम:
झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरांचा गोठा होता.
दर पावसाळ्यात पोरांना जुलाब, मी पुड्या वाटायची.
तीन वर्षं मुखियाकडे चकरा,
तीन वर्षं तो म्हणे, दगड जड आहेत.
शेवटी बायकांनी एका रविवारी चर्चनंतर
तेच कपडे वर खोचून गोठा खाली आणला.
मी दोन दगड उचलले. पाठ अजून दुखते.
अहवालात यासाठी रकाना नाही.)

दुपारी पीचच्या बोडक्या झाडाला काटा टांगते.
बाळं एकेक करून लोंबतात, संतापतात,
आया आकडा बघतात, मी आयांकडे बघते.
मात्सेपो शेवटी आली, गेल्या हिवाळ्यात.
तिची दोन गेली होती, हे मला माहीत;
दोन्ही पानं माझ्याच अक्षरात, अर्धवट.
शालीत सहा आठवड्यांची पोर.
नाव? मी विचारलं.
मोसेलान्त्जा, ती पुटपुटली.
कुत्र्याचं शेपूट.
म्हणजे मरण दाराशी आलं तर म्हणेल,
हे काय न्यायचं, आणि पुढे जाईल.

तरुण मदतनीस पोरगी माझ्या कानाशी लागली:
सिस्टर, समजवा ना, ही अंधश्रद्धा.
मी पेन्सिलीचं टोक काढत राहिले.
माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलंय न्थोफेला.
नुसती वस्तू.
माझ्याआधी आईची तीन गेली होती,
आणि आमच्या गावात तेव्हा घोड्यावरून कोणी येत नसे.
तिच्याकडे होता तो उपाय तिनं केला.
मी लिहून घेतलं, पूर्ण नाव, शुद्ध अक्षरात,
मग मांडीत सुई.

आज नऊ महिने झाले. गोवराची लस.
मला वाटलं होतं, मात्सेपो आता नाव बदलेल,
फुलाचं, आनंदाचं, पावसाचं काहीतरी सांगेल.
मी खोडरबरसुद्धा आणलं होतं.
ती म्हणाली, राहू दे. आता सवय झालीय.
आणि हाक मारली की ही सगळी हलते, बघ.
हाक मारली.
झोळीतून दोन पाय सुटले,
पीचची फांदी करकरली,
आणि साडेसात किलोच्या आसपास
काटा काही केल्या स्थिर होईना.