पाणी मुरतंय

एकतीस वर्षं मी समुद्रातच कामाला होतो,
एस्टरहेझीच्या गव्हाखाली, किलोमीटरभर खोल,
जिथे समुद्र आटून गुलाबी दगड झालाय.
पोटॅश. जिभेवर खारट, भुवयांत खारट.
त्या समुद्रात कधी काही हललेलं पाहिलं नाही.
आम्ही सोडून.

रिटायर झालो. मुलांनी विचारलं, काय हवं?
म्हटलं, काचेची टाकी. दोनशे लिटरची.
डारिया म्हणाली, "अजून मिठाने पोट भरलं नाही का, ओरेस्ट?"

रेजायनाहून सगळं आणलं, बर्फातून, अडीच तास:
वाळूची पोती, पंप, हीटर,
आणि बादलीभर मीठ.
मी! विकत! मीठ!
गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड
डारियाने वाटभर मांडीवर धरले.
दुकानातली रोव्हेना बजावत होती, जिवंत आहेत, जपून.
दगडांशी माझी जुनी ओळख. मी काही बोललो नाही.

मीठ ढवळलं. काटा पाहिला.
एक पूर्णांक शून्य दोन पाच.
वाळू ओतली तर सगळं दुधासारखं झालं,
तीन दिवस पलीकडची भिंत दिसेना.

मग काही नाही.
मग आणखी काही नाही.
रोज सकाळी नळीत पाणी, थेंब मोजायचे, हलवायचं,
खिडकीशी धरून रंग जुळवायचा:
पिवळा तर ठीक, हिरवा म्हणजे विष.
हिरवा.
शेजारचा वॉल्टर रिकाम्या पाण्यासमोर बसून कॉफी प्यायला
आणि गावभर सांगत सुटला,
ओरेस्टच्या घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरतच होतं. दम मला नव्हता.
नवव्या दिवशी एक निळा मासा आणला, अंगठ्याएवढा.
अकराव्या दिवशी तो पंपाच्या जाळीला चिकटलेला,
रंग तसाच, निळा.
रोव्हेनाला फोन केला. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.
म्हणाली, "आमच्या बोहोलला समुद्राचं कुणी काही करत नाही, अंकल.
त्याचं तो बघतो.
तुमच्याकडे तुम्ही आहात. थांबा."

डारिया मला तळघरात घेऊन गेली.
कोबीची बरणी, वर तिच्या आईचा धोंडा.
"हिचं झाकण रोज उघडून बघते का मी?"

पाचव्या आठवड्यात काचांवर तपकिरी साय धरली.
सगळं नासलं म्हणून मी बादल्या काढल्या,
आणि फोनवर रोव्हेना आनंदाने ओरडली.
तिचं काही कळत नाही मला.

त्याच रात्री, एक वाजता, बाहेर उणे अडतीस,
खाणीतला हेडलॅम्प डोक्याला बांधून
गुडघ्यांवर बसलो टाकीसमोर.
दिव्यावर बोटं धरली, त्यांतून गाळलेला लाल उजेड.
दगडाच्या एका भोकातून पंखा बाहेर आला,
नखाएवढा, केसाएवढ्या काड्यांचा.
उघडला.
मी हललो तसा गपकन आत.
बिलावर नव्हता. कुणी मागवलेला नव्हता.
डारिया जिन्यात येऊन म्हणाली, "काय आहे तिथे?"
"थांब," म्हटलं.
हे मी म्हटलं.

आता काचेवर पेन्सिलची रेघ आहे.
रोज पाणी बोटभर खाली जातं, मीठ जात नाही.
नवखा माणूस इथे फसतो, वरून पुन्हा खारंच पाणी ओततो.
मी फसलो नाही.
पाणी गेल्यावर मागे काय उरतं
हे मला कुणी शिकवायला नको,
मी त्यातून ट्रक चालवलेत.

मासे मार्चमध्ये, डारिया म्हणते, नाहीतर एप्रिलमध्ये.
मी एक मग गोडं पाणी घेतो
आणि हळू ओततो,
रेघेपर्यंत.