छाट

सकाळी होटगी रोडला
कुत्र्याचा पट्टा हातात धरून
एक गृहस्थ गेटमधूनच म्हणाले,
"मध्यम लिहा मॅडम. आपण मध्यमच."
पोर्चमध्ये दोन गाड्या, तिसरी कापडाखाली.
कापडाखालचं विचारायचा रकाना नाही.
टॅबवर तीन गोल : गरीब, मध्यम, सधन.
मी मधल्यावर बोट टेकवलं.

दुपारी विडी घरकुल.
भूदेवी अंकम. मांडीवर सूप,
सुपात तंबाखू, ओल्या पोत्यात पानं.
पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवताना
ती माझ्याकडे बघतही नाही.
"पंखा?"
"हाय की."
"टीव्ही?"
"हाय. लागत नाही.
लागतो का, असं कुठं विचारलंस तू?"
"नळ?"
"हाय."

नळ आहे, हे खरंच.
पाचव्या दिवशी येतं पाणी, कधी रात्री दोनला,
तेव्हा अख्खी लाईन उठते,
हंडे, ड्रम, रंगाच्या रिकाम्या बादल्या,
लेकराला अंघोळ घालायचं टोपलंसुद्धा भरून ठेवतात.
टॅबला हो कळतं आणि नाही कळतं.
मी हो केलं.

"उत्पन्न देणारं यंत्र, साधन?"
तिनं फरशीकडे बोट केलं.
चार भोकं. बोल्टांची.
"माग होता. टॉवेलचा.
हे गेल्यावर भंगारवाल्यानं किलोनं नेला.
तीस वर्षं त्यानं घर चालवलं,
काट्यावर मात्र नुसतं लोखंड भरलं.
धोटा लाकडाचा, म्हणून परत दिला त्यानं.
वजनात धरत नाहीत म्हणे."
धोटा आहे अजून. नात त्याची नाव करते,
पाण्याच्या दिवशी.
"लिहू?"
"लिही की. माझाच हाय."

बचत किती, कर्ज किती.
भिशी आहे, बाराजणींची, दर शनिवारी.
ज्येष्ठात भूदेवीची चिठ्ठी निघाली.
तिनं ती उघडून बघितली,
परत घडी घातली, डब्यात टाकली
आणि म्हणाली, कलावतीची निघाली.
कलावतीचा पोरगा तेव्हा सिव्हिलला होता.
डब्यातल्या बाराही जणींना वाचता येतं.
कोणी काही बोललं नाही.
"मावशी, हे बचतीत धरू का कर्जात?"
"मला काय माहीत बाई. नंबर दिला."

मग तिनं कात्री खाली ठेवली.
"तुला किती मिळतात, एका फॉर्मचे?"
"अठरा."
"छाट?"
"चुकला तर पैसे कापतात."
ती हसली, तंबाखू सुपातून उडाली थोडी.
"कार्डावर हजार चढायला
मी हजार पन्नास वळते.
वरच्या पन्नास खराब म्हणून काढून घेतात.
खराब, तर फेकत का नाहीत?
त्या कोण ओढतं, तेवढं विचार तुझ्या मशीनला."

शेवटचा प्रश्न. तीन गोल.
"मध्यम लिही," ती म्हणाली.
"गरीब पलीकडच्या लाईनीत. आमच्यात कपाट हाय."
माझं बोट सकाळच्याच जागी गेलं.
काचेवर तिथं डाग पडलाय आता.
उठताना तिनं कडक भाकरी दिली, कागदात,
वर शेंगाचटणी.
ती मी बसस्टॉपवर उभ्यानं खाल्ली.

रात्री बंगल्याचा फॉर्म पहिल्या झटक्यात पास.
घरकुलाचा परत.
कारण : इतर मालमत्ता, धोटा, अमान्य.
सुपरवायझर म्हणतो, काढून टाका ना मॅडम तेवढं,
अठरा रुपये कशाला घालवता.

अजून काढलेला नाही.
उद्या काढेन बहुतेक.
परवा त्यांच्या लाईनीत पाणी आहे.