शिवराक

चिखलीला विमानतळाच्या कुंपणालगत
आमचं स्वयंपाकघर. खिडकी एकही नाही.
रात्री दीडला भाजी शिजते, तीनला गार होते,
म्हणजे गार केली जाते, यंत्र आहे त्यासाठी.
उकळीतून थेट थंडीत.
मधल्या वेळात मुरणं जे असतं
त्याला तक्त्यात रकाना नाही.

मी हिरव्या टिकलीकडचा.
पनीर पाच तुकडे, मटार, भात एकशेवीस ग्रॅम,
प्लास्टिकमध्ये घाम आलेला पाव
आणि गुलाबजाम, एकटाच.
नारळ नको, विटतो. हिंग नको, वास बसतो.
कढीपत्ता नको, मागे एका बाईच्या घशात अडकला होता.
शेफ ब्रागांझा मला समजावतात, हसत, वाईट मनानं नव्हे:
"पुरसो, शाकाहारी म्हणजे
ज्याची कुणाला आठवण राहत नाही असं जेवण."

वडील म्हार्दोळला देवळात रांधपी होते.
नैवेद्याची चव बघायची नसते;
खतखत्याच्या वाफेवर तोंड धरून
ते मीठ ओळखायचे.
मीही चाखत नाही. हातमोजे, जाळीची टोपी, तोंडाला फडकं,
चाखायला वेगळी मुलगी आहे, ती चमच्यामागे सही करते.
आणि वर गेल्यावर म्हणे जीभच बधिर होते,
निम्मं मीठ तिला कळतच नाही.
म्हणजे देवाचं आणि प्रवाशांचं सारखंच:
उंचावर बसलेत,
आवडलं की नाही, सांगत नाहीत.

फरक परत येण्यात आहे.
देवापुढचं ताट जसंच्या तसं येतं, त्याला प्रसाद म्हणतात.
आमचे गाडे मस्कतहून येतात, ते आवडू फळदेसाई उपसते
आणि हवामान सांगावं तशी सांगते:
मटार सगळे उरलेत.
पावाला बोट लागलेलं नाही.
लोणच्याची पुडी मात्र फाडून, उलटी करून, चाटून.

सोमवारी हिरव्या टिकल्या वाढतात.
सहा दिवस बांगड्यावर जगणारे आमचे लोक
सातव्या दिवशी शिवराक,
मग समुद्रावर असोत की समुद्राच्या वर.
अशाच एका सोमवारी मी रुमालात तिरफळं बांधून आणली.
गेटवरच्या शिपायानं गाठ सोडली, हुंगलं,
परत बांधली, माझ्यापेक्षा घट्ट.
सत्तरीकडचा असावा.

एक्केचाळीस ताटांच्या डाळीत घातली.
ठेचून, कोमट पाण्यातून, वडील घालत तशी, शेवटी.
दहा मिनिटं त्या बिनखिडकीच्या खोलीत
कुणीच काही बोललं नाही.

गुरुवारी पत्र आलं: डाळीत लाकडाचे तुकडे सापडले.
एका प्रवाशाची जीभ अर्धा तास मुंग्या आल्यासारखी.
ब्रागांझांनी पत्र दोनदा वाचलं
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"बांगड्याच्या उडदमेथीत घालतात, तीच ना?"

पण त्याआधी, मंगळवारी,
आवडूनं एक ताट धुवायला टाकलं नव्हतं.
दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे आणलं.
डाळीची वाटी पुसल्यासारखी.
आणि कडेला, ओळीनं,
चोखून ठेवलेली सहा टरफलं.
घरी पानाच्या कडेला ठेवतात तशी.
सीट कुठली, बाई की बाप्या,
मस्कतला कामाला जाणारं की कुणाला भेटायला,
कळायला मार्ग नाही.
वर कुणीतरी जेवलं होतं, एवढंच.

आता मी पावांच्या विभागात आहे.
मोजतो, गुंडाळतो, मोजतो.
मंगळवारी आवडू गाडे उपसते तेव्हा
काहीतरी कारण काढून तिकडे जातो.

मटार उरलेले असतात.