बहात्तर पायऱ्या

हितेन छेडा म्हणाला, काकी, घर आधी रिकामं दिसलं पाहिजे,
मग ते मोठं दिसतं.
म्हणून कॅलेंडरं उतरली, तिन्ही.
बँकेचं, वाण्याचं,
आणि जुनं एक, ज्यावर यांनी
सिलिंडर लावल्याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या.
खिळ्यांच्या भोकांत पुट्टी, पुट्टीवर रंग.
डब्यावर रंगाचं नाव होतं : सकाळचं ऊन.
आमच्याकडे ऊन येतं चारनंतर,
तेही समोरच्या टॉवरच्या काचेवरून,
उधारीचं.

बेडरूमच्या ओलीवर प्रायमरचे दोन हात.
दिवाळीपर्यंत थांबेल, असं पेंटरचं मत.

मग चार्वी आली, भाड्याचं सामान घेऊन.
पांढऱ्या उशा,
एक खुर्ची, जिच्यावर बसायचं नसतं,
काचेच्या वाडग्यात सात लिंबं.
एक मी दाबून बघितलं. टक् वाजलं.
माझी भांडी गेली वॉशिंग मशीनमध्ये,
मिक्सर पलंगाखाली.
देवांचं काय करू, तिनं हळूच विचारलं.
राहू दे, हितेन म्हणाला, देव सगळ्यांना चालतात.
सुकट नाही चालत.

बरणी उचलली, झाकणाला फडकं बांधलं,
आणि समोर फिलोमिना डिमेलोकडे नेऊन ठेवली.

हितेन तरी घुटमळत होता.
मोबाईल उलटा केला, सुलटा केला.
आणि काकांना पण जरा...
गैरसमज नको, काकी,
पण असा गुडघा दिसला की पार्टी जिना मोजायला लागते.

खोटं नव्हतं.
हे शेवटचे खाली उतरले मतदानाला,
प्लास्टिकच्या खुर्चीत, चौघांच्या हातांवर.
वरात निघाली म्हणत होते, प्रत्येक मजल्यावर.
घर विकायचं ते त्याच गुडघ्यापायी,
आणि तोच झाकल्याशिवाय विकलं जाणार नाही.
हे काही बोलले नाहीत.
इस्त्रीचा शर्ट घातला,
भिंत धरून चार पावलं, समोरच्या दारात.
ये, ये, फिलो म्हणाली,
तुजी सुकट आदीच आलीय.

पार्टी सव्वापाचला आली.
नवरा टेप घेऊन भिंतींच्या मागे,
बायको खिडक्या उघडत, लावत.
दहा मिनिटांनी त्याची आई पोचली,
कठड्यावरचा हात न सोडता, आत,
आणि सरळ त्या न बसायच्या खुर्चीत बसली.
चार्वीचा चेहरा बघवेना.

पाणी आणते, म्हटलं.
ओट्यावरच्या ग्लासांना तळाशी किमतीचे स्टिकर होते.
मी मशीनचं झाकण उघडलं, हात घातला,
नेमकं यांचंच तांब्याचं भांडं वर आलं.
ती घटाघट प्यायली.
हितेन सांगत होता मेट्रो, शाळा, ऑर्लेमचा बाजार,
लिफ्टचं सोसायटीत पास झालंय
(झालंय खरं. अकरा वर्षं झाली.)
तिनं भांडं परत दिलं,
गुडघ्यावर तळवा ठेवला, माझ्याकडे बघितलं.

किती हो पायऱ्या?

हितेन खोकला.
समोरच्या बंद दाराआडूनही कुणी खोकलं,
तो खोकला माझ्या ओळखीचा.

बहात्तर, मी म्हटलं.
तिसऱ्यावर खिडकीशी स्टूल ठेवलाय, तिथे थांबायचं.

हो, ती म्हणाली. बसले होते मी.
चांगला वारा येतो.

टेप खळ्ळकन आत गेली.
कळवतो, म्हणाले.
हितेन माझ्याशी एक शब्द न बोलता
दिवे मालवत गेला, खोली खोली.

रात्री हे परत आले, बरणी काखेत,
उंबऱ्याशीच थांबले.
चप्पल इथे काढू ना? मला विचारलं.
मग सोफ्याच्या अगदी कडेला टेकले,
वाडग्यातलं एक लिंबू उचललं,
नाकाशी नेलं,
जिथलं होतं तिथे ठेवलं.

बरणी आम्ही उघडली नाही.
शनिवारी दुसरी पार्टी आहे.